झुरळाचा गुन्हा

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात माझा पेस्ट कंट्रोलचा धंदा आहे. एक गाळा, दोन फवारणीचे पंप, वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडायचं ड्रिल मशीन आणि औषधांचं कुलूपबंद कपाट. गळ्यात तुळशीची माळ आहे, ती वडिलांनी घातली. आणि रात्री जेवणं झाली की मी राक्षसी किड्यांचे सिनेमे बघतो. माळकऱ्याने झुरळं मारावीत का, हे मला लोक विचारतात. बहुतेक वेळा घर फवारून झाल्यावर आणि पैसे द्यायच्या आधी.

सिनेमांपासून सुरुवात करतो, कारण या प्रश्नाकडे मी तिकडूनच आलो. हा सगळा स्वस्तातला माल. पूर्वी हिंदीत डब होऊन केबलवर मध्यरात्री लागायचा, आता मोबाइलवर मिळतो. गोष्ट ठरलेली असते. कुठेतरी अणुचाचणी होते किंवा रसायन गळतं, मुंगी, टोळ, डास नाहीतर कोळी ट्रकएवढा होतो. (कोळी आठ पायांचा, म्हणजे कीटक नव्हेच. पण हा फरक गिऱ्हाइकालाही चालत नाही आणि सिनेमावाल्यालाही.) गावचा पोलीस अधिकारी विश्वास ठेवत नाही, एक बाई किंचाळते, एक शास्त्रज्ञ चष्मा पुसतो, आणि शेवटी लष्कर येऊन सगळं पेटवून देतं.

माझा लाडका सिनेमा 1957 सालचा, 'बिगिनिंग ऑफ द एंड'. दिग्दर्शक बर्ट गॉर्डन. किरणोत्सारी पिकं खाऊन टोळ माजतात आणि शिकागोवर चालून येतात. पैसा नव्हता, म्हणून गॉर्डनने शिकागोच्या इमारतींचे फोटो घेतले आणि त्यांवर खरेखुरे टोळ सोडले. टोळ इमारत चढतो, गच्ची गाठतो आणि कधीकधी तसाच पुढे आकाशावर पाऊल टाकतो. आकाशही कागदच ना! चित्रीकरणाच्या काळात डांबून ठेवलेले टोळ एकमेकांना खात सुटले आणि शेवटी मोजकेच उरले, अशी हकिगत सांगतात. मी ते दृश्य थांबवून थांबवून बघितलंय. संगीत म्हणतं की हा शहराचा काळ आहे. पण धंद्यामुळे माझी नजर त्याच्या मिशांवर जाते. त्या कागदाची कड चाचपत असतात. शिकागोशी त्याचं काही वैर नाही, त्याला फक्त तिथून उतरायचंय.

हे बघताना मला कळलं की असे सिनेमे किड्याला नुसतं मोठं करत नाहीत, ते त्याला अपराधी करतात. आकार वाढला की त्याच्या डोळ्यांत रोख दिसायला लागतो, चाल कपटी वाटते, आणि मग त्याला मारणं हा पराक्रम ठरतो. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने 1926 साली आकारावरच एक निबंध लिहिला होता. (हा माणूस 1957 मध्ये भारतात आला आणि भारतीय होऊन 1964 मध्ये भुवनेश्वरला वारला.) त्याचा हिशेब सरळ आहे. प्राणी लांबी-रुंदी-उंचीने दहापट केला की वजन हजारपट होतं, पण पायाचा छेद शंभरपटच वाढतो. शिवाय कीटकाला फुप्फुसं नसतात. अंगावरच्या भोकांतून बारीक नळ्यांवाटे हवा आत झिरपते, आणि ती लांबवर पोचत नाही. म्हणजे ट्रकएवढी मुंगी शहरात शिरायच्या आत जागच्या जागी गुदमरून आडवी होईल. लष्कराला बोलवायचं कामच नाही.

खरं मारणं कसं असतं ते सांगतो. स्वयंपाकघरातली ट्रॉली पूर्ण बाहेर ओढायची. बिजागरीच्या खाचेत, सिंकच्या खाली, फ्रिजच्या मोटरजवळ सिरिंजने जेलचे ठिपके द्यायचे. जेल म्हणजे आमिषच जास्त, विष त्यात नावापुरतं. दिवा मालवून थोडा वेळ थांबलं की बारकं तपकिरी झुरळ बाहेर येतं. मिशांनी ठिपका हुंगतं, खातं. मग पुढच्या पायाने एक मिशी खाली ओढतं आणि तोंडातून सावकाश काढत साफ करतं. ती झाली की दुसरी. इतकं निवांत आवरणं मी माणसांतही कमी पाहिलंय. नंतर ते फटीत परत जातं आणि तिथे उलटं पडतं, पाय बराच वेळ हलत राहतात. त्याची विष्ठा आणि त्याचं मढं बाकीची खातात, तीही मरतात. आमची गॅरंटी या साखळीवरच उभी असते. मादी अंड्यांचं पाकीट शेपटीशी धरून हिंडते आणि त्या पाकिटात औषध शिरत नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी मारावी लागते. यात कुणी किंचाळत नाही, काही पेटत नाही. भुकेल्याला गोड खाऊ घालून मारायचं, एवढंच.

गिऱ्हाइकांना हे ऐकायचं नसतं. "काका, समोर मरताना दिसणार नाहीत ना?" हा नेहमीचा प्रश्न. एकादशीला फवारणी नको असते, श्रावणात नको असते, दिवाळीच्या आधी मात्र सगळ्यांना एकदमच हवी असते. लक्ष्मी यायच्या आत झुरळं गेली पाहिजेत. घरातली मंडळी चपला घालून खाली जाऊन बसतात, मी वर काम करतो. हिंसा मी करायची, घर त्यांचं स्वच्छ व्हायचं. माझी तक्रार नाही, त्याचेच पैसे घेतो. पण मग पाप लागतं का, हा प्रश्न एकट्या मला का विचारतात?

आमच्या दिंडीतले एक बुवा म्हणतात, "अरे, रोगराई पसरवणारे जंतू ते. तुझं कर्म म्हणून कर, दोष लागत नाही." बुवांबद्दल आदर आहे, तरी हे मला पटत नाही. सिनेमातला लष्करी अधिकारी शेवटी हेच बोलतो.

रोगराई खोटी नाही. पाऊस ओसरला की वायसीएम रुग्णालयाच्या आसपास प्लेटलेटचे आकडे भाजीच्या भावासारखे कानावर पडतात. डेंगूचा डास वजनाने दोन-तीन मिलीग्रॅमचा. त्यातही चावते ती मादी, आणि तीही दिवसाउजेडी. कुंडीखालच्या बशीत, कूलरच्या तळाशी, गच्चीवर टाकलेल्या टायरमध्ये, स्वच्छ पाण्यात ती अंडी घालते. 1995 मध्ये अमेरिकेत 'मॉस्किटो' नावाचा सिनेमा निघाला. त्यात परग्रहावरच्या जीवाचं रक्त पिऊन डास गिधाडाएवढे होतात आणि माणसं करवतीने त्यांच्याशी लढतात. मला हसू आलं. गिधाडाएवढा डास परवडला, दिसेल तरी. आमचे लोक करवत घेतील, पण कुंडीखालची बशी उलटी करणार नाहीत.

मारणारा जीव दिसत नाही तेव्हा माणूस काय करतो, याची गोष्ट आमच्या शेजारच्या चिंचवडलाच येऊन पोचते. 1897 साली पुण्यात प्लेग होता. प्लेगचा बंदोबस्त बघणारा इंग्रज अधिकारी रँड याच्या हाताखालचे सोल्जर बूट घालून घराघरांत शिरले, सामान रस्त्यावर फेकलं, देवघरापर्यंत गेले, बायामाणसांची तपासणी केली. तो अपमान खरा होता आणि चिंचवडच्या चापेकर बंधूंनी 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडला गोळी घातली. पुढच्या एप्रिलात दामोदर चापेकर फासावर गेले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जून 1898 मध्ये, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो, आणि त्यावरही कित्येक वर्षं फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. सरकारने अंधाऱ्या खोल्यांत, घाणीत, आमच्या राहणीत गुन्हेगार शोधला. पिसू कुणाच्या अंगावर बसून कुठून कुठे गेली, ते कुणी पाहिलं नाही. आणि तिला कळलं असतं तरी काय? रक्त प्यायची, एवढंच तिचं जगणं. तिच्या पोटात जंतू होते, त्यांनी तीसुद्धा मरत होती.

म्हणून डास, पिसू, झुरळ मारावं लागतं, हे मी मान्य करतो आणि मारतो. पण ते दुष्ट आहेत म्हणून नाही.

आपल्याकडेही किडा मोठा करून दाखवणाऱ्या होत्या, मुक्ताबाई. त्यांच्या कूट अभंगातली मुंगी आभाळात जाऊन सूर्यालाच पोटात घालते, माशीच्या पोटी घार येते. बर्ट गॉर्डनच्या साडेसहाशे वर्षं आधी हे एका मुलीने रचलं, एक पै खर्च न करता. पण तिथे कुणी पळत नाही, शहर कोसळत नाही. हे सगळं बघून मुक्ताबाईंना हसू येतं. अभंगाचा अर्थ जाणकार योगमार्गाने लावतात, तो मी सांगायला जाणार नाही. मला एवढं दिसतं की मुंगी मोठी झाली तरी ती शत्रू झाली नाही. तुकोबांचंही तसंच. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर ते बसले तेव्हा साप, विंचू, वाघ अंगाशी आल्याचं त्यांनीच सांगितलंय, पण त्यात लढाईचं नाव नाही. कुणी म्हणेल, तिथे तुकोबा त्यांच्या घरी गेले होते, इथे ते आपल्या घरी येतात. खरंय. पण त्यांच्या नावाचं हे नगरही कुणाचं तरी वारूळ मोडूनच वसलं असणार.

मग मला आधार वाटायचा तो महाभारताच्या वनपर्वातल्या धर्मव्याधाचा. मिथिलेत मांस विकणारा हा माणूस एका ब्राह्मणाला धर्म शिकवतो. नांगर चालला की मातीतले जीव मरतात, चालताना पायाखाली मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव आहे, हिंसेवाचून कोण जगतो, असं तो विचारतो. माझ्या धंद्याला यापेक्षा चांगलं प्रशस्तिपत्र कुठून मिळणार? पण नीट वाचलं तर व्याध सांगतो की मी स्वतः मारत नाही, दुसऱ्याने मारलेलं विकतो, आणि खात तर नाहीच. म्हणजे चपला घालून खाली जाऊन बसणाऱ्यांतलाच तोही. त्याचं बोलणं खरं आहे, फक्त सिरिंज त्याच्या हातात नव्हती.

माझ्या हातात आहे, म्हणून आता मला मांडव्य ऋषी जवळचे वाटतात. ते मौनात होते, चोरांनी त्यांच्या आश्रमात माल लपवला, राजाच्या माणसांनी चोर समजून त्यांना सुळावर चढवलं. पुढे त्यांनी धर्मराजाला जाऊन विचारलं, माझा गुन्हा काय? उत्तर मिळालं की लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य चिडले, एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा म्हणून धर्मालाच शाप दिला, आणि त्या शापाने तो विदुर होऊन जन्मला. शाप कडक होता, पण मला धक्का बसतो तो धर्मराजाच्या वहीतल्या नोंदीचा. किडा केवढा आणि काडी केवढी, हे न बघता ती नोंद तिथे होती. त्या वहीत किड्याला मोठं करावं लागलं नाही. तो होता त्याच आकाराचा मोजला गेला. मांडव्यांनीही नोंद खोडायला सांगितली नाही. त्यांनी वयाची मर्यादा घातली, चौदा वर्षांपर्यंत केलेलं पाप धरायचं नाही.

माझा भाचा अकरा वर्षांचा आहे. माझ्या शेजारी बसून हे सिनेमे बघतो आणि टोळ पेटला की टाळ्या वाजवतो. त्याला मांडव्यांच्या कायद्याची सवलत आहे. मला, सोसायटीच्या चेअरमनला आणि बर्ट गॉर्डनला नाही.