माळ्यावरचा रणगाडा

आत्ता माझा आवाज रेडिओलहरींवरून तुमच्या स्वयंपाकघरात पोहोचला. त्याच जातीच्या लहरींवर एक खेळणंही चालतं: रिमोटचा रणगाडा. आपल्या जळगाव-धुळ्याकडे पतंग, कबुतरं, भजनी मंडळ हे छंद लोकांना कळतात. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस गच्चीवर रणगाडा फिरवताना दिसला, की शेजारी कठड्यावरून डोकावतो आणि विचारतो, "हाई काय करी राह्यना भो?"

प्रश्न रास्त आहे. पण 'लहानपण परत आणतोय' असं उत्तर कुणी दिलं, तर ते मला पटत नाही. लहानपणी सगळं लक्ष तोफेच्या नळीकडे असतं. आवाज झाला पाहिजे, समोरचा काडेपेट्यांचा किल्ला पडला पाहिजे. मधे शिक्षण, नोकरी, लग्नकार्य, घराचे हप्ते. वर्षानुवर्षं खोकं माळ्यावर पडून राहतं. ते खाली काढल्यावर तोच माणूस नळीकडे बघतसुद्धा नाही. तो रणगाडा उलटा करतो, चष्मा वर सरकवतो आणि गिअरबॉक्सचे स्क्रू शोधायला लागतो. खेळणं तेच असलं, तरी आता वेगळाच माणूस ते खेळत असतो.

या खेळण्याचं घराणं तसं जुनं. निकोला टेस्लानं 1898 मध्ये न्यूयॉर्कला एक छोटी होडी रेडिओनं चालवून दाखवली होती. पुढं 1939-40 च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत सैन्यानं फिनलंडविरुद्ध माणूस न बसवता रेडिओवर चालणारे खरेखुरे रणगाडे उतरवले. खेळण्यात ही गंमत आणणाऱ्यांत जपानची तामिया कंपनी मोठी. तिचा पहिला रेडिओ-रणगाडा 1974 चा, शेरमन नावाच्या रणगाड्याची एकास सोळा प्रमाणातली प्रतिकृती. जुन्या संचात रिमोट आणि रणगाडा यांचे क्रिस्टल, म्हणजे कोणत्या लहरीवर चालायचं ते ठरवणारे छोटे तुकडे, जुळवावे लागत. गल्लीत दोघांचे क्रिस्टल एकच निघाले, तर एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा रणगाडा चालू लागे, आणि मग खरी लढाई जुंपे. आताचे रिमोट 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि फक्त आपलाच रणगाडा ओळखतात. सोय झाली, भांडण गेलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते रणगाड्याचं वळणं. रणगाड्याला स्टिअरिंगची चाकं नसतात. दोन बाजूंना दोन पट्टे, खेळण्यात बहुधा दोन मोटारी. दोन्ही सारख्या फिरल्या की सरळ. डावीकडे वळायचं तर डावा पट्टा मंद करायचा. तो थांबवला की रणगाडा त्याच्याभोवती फिरतो आणि दोन्ही पट्टे उलटसुलट फिरवले की जागच्या जागी गरकन वळतो. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवायला नको. ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. बांधाशी आल्यावर ज्या बाजूला वळायचं, त्या बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर थोडक्या जागेत फिरतो. रस्त्याला लागताना मात्र दोन्ही पेडल कडीनं जोडायची, नाहीतर भरवेगात गाडी एका अंगाला ओढली जाते. म्हणून म्हणतो, शेतात वाढलेल्या पोराच्या हातात रिमोट दिला, तर ते शहरातल्या पोराच्या आधी शिकेल.

आणि आपली काळी माती! उन्हाळ्यात भेगांमध्ये खेळण्याची पुढची चाकं अडकतात. पावसाळ्यात चिखलाचे गोळे पट्टा आणि चाकांच्या मधे जाऊन बसतात, पट्टा ताणला जातो आणि एका बाजूनं उतरतो. मग तिथंच चिखलात बसायचं, काडीनं माती कोरायची, पट्टा पुन्हा चढवायचा. वैतागू नका, खऱ्या रणगाड्यांचंही हेच होतं. 1965 च्या सप्टेंबरात पंजाबात असल उत्तरला पाण्यानं भिजलेल्या उसाच्या शेतात पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले आणि आपल्या तोफांच्या तोंडी सापडले. तिथंच आपल्या सैन्यातल्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं रणगाडे फोडले, तिथंच त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

इथं एक गोष्ट मला खटकते, ती बोललीच पाहिजे. रणगाडा हे माणसं मारायचं यंत्र. त्याचं खेळणं करावं का? माझं मत असं की करावं, पण एकदा अहिल्यानगरला जाऊन यावं. धुळ्याहून मालेगाव, मनमाड, शिर्डी करत रस्ता सरळ तिथं जातो. तिथं लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय आहे, 1994 पासूनचं. तिथल्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये 'फामागुस्ता' हा सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवला आहे. 16 डिसेंबर 1971 रोजी पाकिस्तानशी झालेल्या बसंतरच्या लढाईत हा रणगाडा पेटला. मागे फिरायचा हुकूम असूनही पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्यातून लढत राहिले आणि त्यातच गेले. जन्म पुण्याचा, वय 21. हे ठाऊक असलेला माणूस पुढे आपला छोटा रणगाडा जरा वेगळ्या हातानं उचलतो.

राहिला खर्च. आमचं जळगाव सोन्याचं गाव. तोळाभर घेतलं तर सगळे 'छान केलं' म्हणतात, खेळण्यावर पैसे घातले की घरात भुवया वर जातात. त्यात विदेशी खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्के झाली. म्हणून नवा घेण्याआधी जुना दुरुस्त करावा. आतल्या मोटारी, तारा, स्विच यात काही जादू नाही. गोलाणी मार्केटात मोबाईल खोलणाऱ्या एखाद्या हुशार मुलाला दाखवा, तो पाच मिनिटांत तुटलेली तार शोधून देईल आणि 'काका, चालवून दाखवा' म्हणून हटून बसेल.

तर मंडळी, तुमच्याही माळ्यावर असं खोकं असेल, रणगाडा नसेल तर आगगाडी असेल, विमान असेल. या रविवारी काढा. लगेच बटण दाबू नका. आधी जुने सेल बाहेर काढा. ते फुटून टोकांवर पांढरा-हिरवा थर चढला असेल, तो हाताला लागू न देता खरवडा. गिअरमधलं घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं लावा. नवी लिथियम बॅटरी घेतली, तर ती डोळ्यांसमोर चार्ज करा, रात्रभर लावून झोपू नका. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत मुळीच ठेवू नका.