उजेडाची वेळ, कामाची वेळ

घाटंजीला एका दिवसासाठी येणारे लोक हल्ली हमखास विचारतात, फोटोसाठी चांगली जागा कुठली? यवतमाळहून तासाभराची वाट. सकाळी निघायचं, अंधार पडेपर्यंत परत फिरायचं, आणि तेवढ्यात एखादा तरी असा फोटो मिळावा की आल्याचं चीज झालं. प्रश्न रास्त आहे. मला मात्र त्यांना आधी वेळ सांगावीशी वाटते, जागा मागाहून.

आपला हा भाग 20 अक्षांशाच्या जरासा वर आहे. त्यामुळे 20-21 मेच्या सुमारास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायांखाली नाहीशी होते. 22-23 जुलैलाही तसंच घडतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. त्या दुपारच्या उन्हात कुठलीही जागा फोटोत मरते. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, टेकड्यांचे चढउतार दिसेनासे होतात. डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो. त्याच्या आधीचा अर्धा तास किरण तिरपे येतात, हवेच्या जास्त जाड थरातून येतात, निळा रंग वाटेतच विखुरतो आणि आपल्यापर्यंत पिवळा-तांबूस तेवढा पोचतो. तेव्हा वावरातल्या साध्या ढेकळालाही लांब सावली असते.

आता त्याच अर्ध्या तासात घाटंजी तालुक्यातल्या कुठल्याही शिवारात काय चाललेलं असतं, ते पाहा. कापसाचा वेचा संपत आलेला असतो. बाया कमरेला बांधलेल्या ओट्या रिकाम्या करून कापूस गाठोड्यांत दाबतात, गाठोडी डोक्यावर घेऊन पऱ्हाटीच्या ओळींतून धुऱ्याकडे येतात. धुऱ्यावर काटा टांगलेला असतो. एकेक गाठोडं चढतं, आकडा मोठ्यानं सांगितला जातो, वहीत लिहिला जातो. वेचाई किलोवर मिळते. दिवसभर ओणवं राहून वेचलेल्या कापसाचा हिशेब याच घटकेला होतो आणि प्रत्येकीची नजर काट्यावर असते. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला टोचतात, त्याच्या बारीक काळ्या रेघा त्या हातांवर जवळून पाहिलं तर दिसतात.

फोटोसाठी याहून सुंदर काही या तालुक्यात असेल असं मला वाटत नाही. मागून ऊन, कापसाच्या कडांना उजेडाची किनार, हवेत उडणारा तंतू. आणि नेमका तेव्हाच कुणीतरी गाडी थांबवून म्हणतो, "ओ मावशी, जरा इकडे पाहा, गाठोडं पुन्हा डोक्यावर घ्या." मावशी घेतातही. पाहुण्याला नाही म्हणायची रीत नाही आपल्याकडे. पण दिवसभराच्या थकव्यावर ते ओझं दुसऱ्यांदा उचलायला लावणं मला बरोबर वाटत नाही. उजेडाची सर्वात चांगली वेळ आणि तिच्या कामाची सर्वात निकडीची वेळ एकच आहे, हे एकदा ध्यानात आलं की कॅमेरा आपोआप थोडा खाली येतो. मग माणूस काट्यापासून दहा पावलं मागे उभा राहतो, मोजणी होऊ देतो, आणि मोजणी आटोपल्यावर विचारतो, "काढू का फोटो?" तोवर ऊन गेलेलं असलं तर गेलं. उरलेल्या मंद उजेडातही चेहरे छान येतात, उलट हिशेब उरकलेला चेहरा जास्त मोकळा असतो.

घाई टाळायची असेल तर त्याच वावरात ऑगस्ट ते ऑक्टोबरदरम्यान या, पण सकाळी. कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. एकाच झाडावर दोन्ही रंग दिसतात, पानांवर दव असतं. तुम्ही गुडघ्यांवर बसून हवा तेवढा वेळ घेतला तरी कुणाचं काम अडत नाही. वावराच्या मालकाला मात्र आवाज द्यायचा. पीक उभं असताना अनोळखी माणूस ओळींत शिरला तर कुठल्याही शेतकऱ्याच्या छातीत धस्स होतं.

बहुतेकांच्या यादीत पहिलं नाव अर्थातच टिपेश्वरचं असतं. घाटंजी आणि केळापूर तालुक्यांत पसरलेलं हे अभयारण्य 148.63 चौरस किलोमीटरचं, 1997 मध्ये जाहीर झालेलं. टिपाई देवीवरून त्याला हे नाव पडलं. वाघ दिसावा आणि त्याचा फोटो मिळावा ही इच्छा मलाही कळते. पण इथलाच एक तरुण वाघ 2019 मध्ये हे जंगल सोडून निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग राहिला. आधी तेलंगणातल्या आदिलाबादकडे, मग मराठवाडा ओलांडून त्या वर्षाच्या डिसेंबरात तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळी चाल मिळून सुमारे 3,000 किलोमीटर भरली. शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडून तो गेला, बहुतेक रात्री, आणि वाटेतल्या कितीतरी गावांना त्याचा पत्ताही लागला नाही. माणसांच्या नजरेआड राहणं ही त्याची गरज होती. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवलं, ते सगळं फोटोसाठीच. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाटेत अडवलेल्या वाघिणीचा फोटो कितीही स्पष्ट आला, तरी तो चांगला फोटो नाही. माझं मत एवढं साधं आहे.

टिपेश्वरला जा, जरूर जा. फेब्रुवारी-मार्चात जा. साग पानं गाळून उभा असतो, पळस फुललेला असतो, आणि पानगळीमुळे जंगलात आतपर्यंत ऊन पोचतं. वाघ दिसला नाही म्हणून फेरी वाया गेली, असं परतताना गाइडला ऐकवू नका.

जंगलाच्या काठावरची एक गोष्ट नव्या माणसाच्या डोळ्यांत लगेच भरते, ती म्हणजे शेतातलं मचाण. संध्याकाळच्या आभाळावर त्याची काळी आकृती फार उठून दिसते. पण त्यावर बसलेला माणूस रोही आणि रानडुकरं हाकलायला रात्रभर जागणार आहे. वाघाच्या मुलखात अंधारात तिथवर चालत गेला आहे. 2018 मध्ये याच जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यातल्या गावांनी वाघाची दहशत सोसली आहे. त्याच्या जागलीचं चित्र हवं असेल तर त्याच्याजवळ थोडं बसा, पीक कसं आहे ते विचारा.

कोलाम पोडांबद्दलही, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांबद्दलही तेच. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम हे तीन समाज विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. त्यांची स्वच्छ सारवलेली अंगणं पाहून हात कॅमेऱ्याकडे जातोच. पण अंगण हे घर असतं, आणि न विचारता कुणाच्या घरात आपण शिरत नाही.

एका दिवसात टिपेश्वर, कळंबचा चिंतामणी आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड सगळं बसवायचा हट्ट नको. सहस्रकुंडाचा धबधबा पावसाळ्यातला, तिकडच्या उमरखेडच्या टोकाला, नांदेडच्या सीमेवर; त्याला स्वतंत्र दिवस द्या. घाटंजीचा दिवस घाटंजीला द्या. एखादं शिवार किंवा वाघाडी नदीचा एखादा काठ निवडा आणि दुपारी चारलाच तिथे पोचा, म्हणजे उजेड येण्याआधी माणसांशी बोलणं होईल.

आणि एक विनंती. ज्यांचे फोटो काढाल त्यांचं नाव आणि गावाचा पत्ता लिहून घ्या. परत गेल्यावर एक प्रत कागदावर छापून पोस्टानं पाठवा. मोबाइलवर दाखवून निघून जाणारे पुष्कळ येतात, छापलेला फोटो पाठवणारे फार थोडे.