सब्र कोणाच्या वाट्याला?

निकाहाच्या वेळी मुलीची संमती घेतली जाते. वकील आणि साक्षीदार तिच्याकडे जातात, मुलाचे नाव आणि मेहरची रक्कम सांगतात. तिच्या होकाराशिवाय निकाह पुरा होत नाही. पण मुलगा सौदीत किंवा कुवेतला नोकरीस असेल, तर पुढची किती वर्षे तिने एकटीने काढायची, हे तिला कोणी विचारत नाही. हा केवळ व्यवहाराचा प्रश्न नाही, नीतीचा आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला पोटासाठी घर सोडणे नवे नाही. भूम, परंडा, कळंब भागातून ऊसतोडीला जाणारी जोडपी पाहा. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो आणि मुकादम उचल देतो ती जोडीला. फडाजवळच्या कोपीतले ते जगणे हालाचे असते, त्याचे गोडवे गाऊ नयेत. तरी दोघे एकत्र असतात, कारण कारखान्याला चार हात हवे असतात. आखातातल्या मालकाला दोनच हात हवे असतात. संसार एकत्र राहणार की तुटक, हे दोन्हीकडे कामाची गरज ठरवते.

आखातात कुटुंबाचा व्हिसा हुद्दा आणि पगार पाहून मिळतो. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी दरमहा किमान ८०० दिनार पगाराची अट घातली. त्याआधी ती ५०० दिनारांची होती. सौदीने जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे महिना १०० रियाल आकारणे सुरू केले आणि २०२० पर्यंत ते ४०० वर नेले. बायको आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १२०० रियाल. कित्येकांनी बायकामुलांना गावी पाठवले. काहींनी भेटीच्या व्हिसाचा मार्ग धरला. नव्वद दिवस भरत आले की दम्माम-खोबरकडची कुटुंबे गाडीत बसत, समुद्रावरचा पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडून बहरीनला जात आणि पासपोर्टवर शिक्का घेऊन परतत. एका छताखाली राहण्यासाठी ही ये-जा! आणि ती ज्यांना परवडे, ते नशीबवानच म्हणायचे. बाकीच्यांची भेट वर्ष-दोन वर्षांनी रजेतच. शाळेत एखादे मूल आठवडाभर दिसत नाही, चौकशी केली की कळते, "अब्बू आये हैं."

कोणी म्हणेल, तो तरी हे कोणासाठी करतो? खरे आहे. बहिणीचे लग्न, भावाचे शिक्षण, दुष्काळात झालेले कर्ज, सगळे त्याच्याच पगारावर फिटते. एका खोलीत सहा-आठ जणांसोबत राहून तो पैसे वाचवतो. त्याच्या त्यागाविषयी मला शंका नाही. फरक एवढाच, की त्याने जायचे स्वतः ठरवले. तिला ते ठरल्यावर कळले, आणि वर उपदेश मिळाला : सब्र कर.

इथे हजरत उमर यांच्याविषयीची प्रसिद्ध रिवायत आठवावी. रात्री मदीनेत फिरताना त्यांनी एका स्त्रीचा विलाप ऐकला. तिचा पती मोहिमेवर होता. त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा यांना विचारले, स्त्री पतीवाचून किती काळ धीर धरू शकते? उत्तर चार महिन्यांचे आले, काही रिवायतींत सहा. मग सैनिकांना त्याहून अधिक काळ घरापासून दूर ठेवू नये, असा हुकूम निघाला. खलिफांनी त्या स्त्रीला सब्राचा उपदेश केला नाही. त्यांनी कायदा बदलला. माणसाच्या हाती नसलेल्या दुःखात सब्र शोभतो. माणसांनीच केलेल्या नियमांपुढे आधी इन्साफ मागावा लागतो.

रियाधचे नियम आपण धाराशिवमध्ये बसून बदलू शकत नाही. पण आपल्या बैठकीचे नियम आपलेच आहेत. मुलाचा पगार विचारतो, तसे हेही विचारू या : या हुद्द्यावर कुटुंब नेता येते का? रजा किती महिन्यांनी? तोवर ती कोणाकडे राहील, पैसे कोणाच्या हाती येतील? उत्तरे मुलीसमोर द्यावीत, जमल्यास निकाहनाम्यात अट म्हणून लिहावीत. ऐकून ती 'नाही' म्हणाली, तर त्याला बेअदबी समजू नये. तिचा सब्र तिचा आहे. तो वाटून देण्याचा हक आपल्याला कोणी दिला?