पडद्यामागचा माणूस

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चा आरंभ एका हटकण्याने होतो. एल्सिनोरच्या तटावर मध्यरात्री शिपाई पहारा देत असतो. पण हटकतो तो हा शिपाई नव्हे, तर त्याच्या जागी उभा राहायला आलेला दुसरा. ज्याने ओळख द्यायची, तोच ती मागतो. या राज्यात प्रत्येकजण दुसऱ्याला निरखीत आहे, याची ही पहिली खूण होय.

आगरकरांनी १८८३ मध्ये हे नाटक मराठीत आणले आणि त्याला 'विकारविलसित' हे नाव दिले. सूड, वासना, शोक यांचा येथे जो खेळ चालतो, त्याला हे नाव शोभतेच. परंतु पोलोनिअसच्या हेरगिरीत विकार नाही. पॅरिसला गेलेल्या मुलाचे वर्तन कळावे म्हणून तो रेनाल्डोला पाठवतो आणि मुलाविषयी थोड्या खोट्या कुचाळक्या पसरवून लोकांकडून खरे काढून घेण्याची युक्ती शिकवतो. हे त्याला पाप वाटत नाही, पित्याची काळजी वाटते. खुनी क्लॉडिअस निदान एकदा पश्चात्तापासाठी गुडघे टेकतो. पोलोनिअसला तशी वेळच येत नाही. कर्तव्य समजून केलेल्या कपटाला विवेकाची टोचणी लागत नाही, हे त्याचे खरे भय आहे.

याची किंमत प्रथम ऑफेलिया मोजते. तिच्या हाती प्रार्थनेचे पुस्तक देऊन बाप तिला हॅम्लेटच्या वाटेवर उभी करतो आणि राजासह आडोशाला लपतो. हॅम्लेट तिचा पाणउतारा करून निघून जातो. पण सारे चोरून ऐकलेले असल्यामुळे मुलीकडून काही ऐकण्याची गरज बापाला उरत नाही. जे तिने विश्वासाने सांगितले असते, ते विचारलेच जात नाही.

हॅम्लेटही या दोषातून मुक्त नाही. नाटकाचा सापळा रचून तो राजाचा अपराध उघड करतो. मग कपटाने सत्य हाती लागते, असे म्हणावे काय? नाटककार लगेच उत्तर देतो. राजा प्रार्थना करताना दिसतो, म्हणून हॅम्लेट हात आवरतो. ती प्रार्थना सफल झालेली नाही, हे फक्त प्रेक्षकांना कळते. पुढे आईच्या दालनात पडद्यामागे राजा असावा अशा समजुतीने तो वार करतो आणि पोलोनिअस मरतो. पाहूनही तो चुकतो, न पाहताही चुकतो. पाळतीने कृत्य कळते; अंतःकरण कळत नाही.

नजर ठेवण्याचे काम होरेशिओलाही मिळते. परंतु मित्रासाठी तो पाहतो, मित्रापासून लपून नव्हे. हॅम्लेट सांगतो, तो ऐकतो. म्हणूनच अखेरीस ही कथा जगाला सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो.

राजकारणात हेर असावेत की नसावेत, हा प्रश्न वेगळा. घरात, प्रेमात आणि मैत्रीत मात्र 'तुझ्याच हितासाठी' म्हणत आपण पडदा ओढून उभे राहतो, तेव्हा आपल्यात पोलोनिअस जागा झालेला असतो. पडद्यामागच्या माणसाला सारे ऐकू येते. त्याच्याशी मात्र कोणीच बोलत नसते.