गोळी खरंच घेतेस ना?

थायरॉइडची गोळी चालू असूनही रक्ताच्या तपासणीत टीएसएचचा आकडा खाली येत नाही, तेव्हा घरात आणि दवाखान्यात पहिला प्रश्न एकच असतो : गोळी खरंच घेतेस ना? प्रश्न चार शब्दांचा आहे. पण विचारणाऱ्याच्या मनात त्याचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते आणि ऐकणारीला ते कळते. हा आजार स्त्रियांमध्ये अधिक, म्हणून 'ऐकणारी' म्हटले. पुरुषांनी स्वतःला वगळू नये. मुंबई व गोव्यासह आठ ठिकाणी झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा प्रौढांमागे साधारण एकाचा थायरॉइड मंद आढळला होता. तेव्हा आपल्या सोलापुरातही हा प्रश्न रोज कितीतरी घरांत विचारला जात असणार.

असे विचारणे हा अन्याय आहे का? घाईने 'हो' म्हणू नये. आकडा न सुधारण्याचे सर्वांत नेहमीचे कारण गोळ्या चुकणे हेच आहे. काही जण गोळी घेतच नाहीत आणि 'घेतो' म्हणतात; १९९१ साली वैद्यकीय साहित्यात या प्रकाराला स्वतंत्र नावही मिळाले. काही जण परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तसे तपासणीपूर्वी चार-आठ दिवस नेमाने गोळ्या घेतात. मग रक्तातला टी-फोर वाढलेला दिसतो, पण टीएसएच मात्र चढाच राहतो, कारण त्याला जागेवर यायला सहा ते आठ आठवडे लागतात. अनुभवी डॉक्टरला हे दोन आकडे शेजारी ठेवले की शंका येते.

पण तेवढ्यावर निकाल देणे घातक आहे, कारण गोळी इमानाने घेणाऱ्यांचाही आकडा अडून बसतो. ही गोळी मोठी नाजूक. ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही घ्यायचे नाही. आपल्याकडे डोळे उघडले की दुधाचा चहा लागतो. गोळी आणि चहा एकाच घोटात जातात. रक्तवाढीची लोहाची गोळी किंवा कॅल्शियम त्याच सकाळी घेतले तर थायरॉइडची गोळी आतड्यातच अडकते. त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. आम्लपित्ताची औषधे, सोयाबीन, पोटाचे जुने विकार, वाढलेले वजन, गरोदरपण, अशी कितीतरी कारणे आहेत. बायोटिनच्या गोळ्यांनी तर काही प्रयोगशाळांचे आकडेच चुकतात. शिवाय आपला उन्हाळा! पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि बाटली शेगडीवरच्या फळीवर किंवा टीव्हीच्या मागे पडलेली असते. उष्णता, दमटपणा आणि उजेड यांनी या गोळीतला कस कमी होतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा म्हणून काही जण रविवारी गोळी टाळतात. त्याची गरज नाही. एक तासाच्या उपवासातून पाणी आणि औषध वगळलेले आहे, तसे कॅनन ९१९ मध्येच लिहिले आहे.

आता नीतीचा प्रश्न. खोटे बोलणारी स्त्री खोटे का बोलते? बहुधा भीतीने. अंग जड, केस गळतात, झोप आवरत नाही, वजन वाढते आणि घरात नाव पडते 'आळशी'. वर गोळी चुकल्याचे कबूल केले तर 'बघा, म्हणूनच!' ऐकावे लागणार. म्हणून ती 'घेते' म्हणते. तिच्या शब्दावर विश्वास ठेवून डॉक्टर मात्रा वाढवतात. मग एके दिवशी ती खरोखर रोज घेऊ लागली, तर तीच वाढीव मात्रा छातीत धडधड आणते, हाडे ठिसूळ करते. या खोट्याची किंमत शरीर मोजते; पण ते खोटे तिने एकटीने घडवले, असे मला वाटत नाही. ज्याच्यापुढे खरे बोलणे महाग पडते, त्याचाही त्यात वाटा आहे. रुग्णाने सत्य सांगावे हे कर्तव्य आहेच. पण ते सांगता येईल इतकी जागा करणे हे घरच्यांचे आणि डॉक्टरांचेही कर्तव्य आहे, आणि माझ्या मते आधीचे.

शंका फिटत नसेल तर एक तपासणी आहे. दवाखान्यात सर्वांसमोर गोळ्यांची मोठी मात्रा देतात आणि पुढचे काही तास रक्तातला टी-फोर मोजतात. तो नीट वाढला तर पोट औषध शोषते आहे. नाही वाढला तर पोटाचा आजार शोधायचा. (ही मात्रा घरी कोणी करून पाहू नये.) काहींना ही तपासणी अपमानाची वाटते. सांगण्याच्या पद्धतीवर ते अवलंबून आहे. 'तुम्हाला पकडायचे आहे' आणि 'तुमचा शब्द खरा असेल तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल' या दोन वाक्यांनंतर रक्त तेच काढले जाते.

आयुष्यभर एक गोळी घेणे सोपे नाही, हेही मान्य करावे. आज घेतली म्हणून आज बरे वाटत नाही, चुकली म्हणून उद्या काही होत नाही. आठवडा उलटला तरी शरीरात निम्मे औषध शिल्लक असते. अशा औषधावर निष्ठा टिकवणे कठीण. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका आजारी स्त्रीला टोचला. पुढे तो तिला तोंडावाटे मिळू लागला आणि १९१९ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे ती जगली. गोळीतले द्रव्य अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे केले ते १९१४ सालच्या नाताळच्या दिवशी. सणाच्या दिवशीही प्रयोगशाळेत बसणारी माणसे होती, म्हणून आज ती गोळी गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळते.

पुढच्या वेळी रिपोर्ट वाईट आला, तर घरच्यांनी मथळ्यातला प्रश्न सोडून दुसरा विचारून पाहावा : सकाळी पहिला चहा किती वाजता होतो, आणि गोळी कधी? मग ती बाटली कुठे ठेवली आहे ते तिच्याबरोबर जाऊन पाहावे.