देवाची वहिवाट

नेपल्सच्या बंदरास आमची आगबोट सकाळी लागली आणि छातीवर गटाचा क्रमांक चिकटवून आम्ही सारे बसमध्ये चढलो, तेव्हा इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या राखेखाली गडप झालेले पाँपेई हे अख्खे नगर चार तासांत पाहून बोटीवर हजर व्हावे, उशीर करणाऱ्यासाठी बोट थांबणार नाही, असा हुकूम सुटला होता. धुळ्याच्या देवपुरात, पांझरेच्या काठी, ज्याचा जन्म गेला त्यास घाईच्या देवदर्शनाचे नावीन्य नाही. परंतु जेथे देवळे आहेत आणि हात जोडणारा कोणी नाही, असे नगर मी प्रथमच पाहत होतो.

घरोघरी भिंतीतल्या कोनाड्यात देवघर आणि त्याच्या तळाशी रंगविलेला रक्षक नाग पाहून परकेपणा गळून पडत होता. पुढे मिसरदेशीय इसिस देवीचे मंदिर लागले. इ.स. ६२ च्या भूकंपात पडलेले हे देऊळ पायापासून पुन्हा उभारल्याचे श्रेय शिलालेखाने सेल्सिनस नामक सहा वर्षांच्या बालकास दिले आहे. बाप दास्यातून मुक्त झालेला, त्यास नगरसभेत बसण्याचा अधिकार नाही, म्हणून जीर्णोद्धार मुलाच्या नावे झाला आणि सभेने त्या पोरास विनामूल्य सभासद करून घेतले. देवीची सेवा आणि लेकराची तजवीज एकाच खर्चात साधणारा हा बाप मला आपल्याच पेठेतला वाटला. प्राकाराच्या दाराशी येताच माझा हात नकळत पायातल्या बुटांकडे गेला. मागच्यांचा खोळंबा झाला, वाटाड्याने छत्री उंचावली, आणि मी ओशाळून पुढे सरकलो. पण ही नम्रता कोणासाठी होती, हा प्रश्न बोटीपर्यंत माझ्यासोबत आला.

वेदान्ती म्हणेल, निर्गुण ब्रह्म राखेखाली पुरले जात नाही. ते खरेच, परंतु त्या बापाने निर्गुणासाठी भिंती उभारल्या नव्हत्या. जिला नाव होते, जिचे सण होते, जिच्याकडे गाऱ्हाणे नेता येई, ती सगुण देवता त्या गावातून नाहीशी झाली, आणि निर्गुणाच्या अविनाशित्वाने तिची भरपाई करणे म्हणजे ज्याची आई वारली त्यास मातृत्व अमर असल्याचे सांगून वाटेला लावणे होय.

आपल्या धर्मात आवाहनास विसर्जनाची जोड आहे. रोमनांनाही हे भान होते, इ.स.पूर्व ३९६ मध्ये व्हेई नगर घेताना त्यांनी तेथील जूनो देवीस रोमला येण्याची विनंती केली आणि विचारणा होताच मूर्तीने मान डोलावली, अशी कथा रोमन इतिहासकार लिव्हीने नोंदली आहे. पाँपेईच्या देवतांना मात्र कोणी निरोप दिला नाही.

महसुली भाषेत सांगावयाचे तर दगड ही सनद आणि उपासना ही वहिवाट. सनद कितीही जुनी असो, जमीन आज कोण कसतो हे पाहिल्यावाचून पाहणी पुरी होत नाही. मग देवाचे देवपण माणसाच्या मर्जीवर टिकून आहे काय? मला तसे वाटत नाही. या जमिनीत कूळ आपण आहोत, धनी नव्हे. वहिवाट मोडली तर बेदखल होतो तो माणूस.

धुळ्यास परतल्यावर एकवीरा देवीच्या देवळात गेलो. गाभाऱ्यासमोर एक म्हातारी अहिराणीत देवीशी चक्क भांडत होती. मागल्या वर्षीचा नवस, यंदाचा कापूस, मुलाचे बिऱ्हाड, सारा हिशेब तिने उघडा केला होता. पायऱ्यांशी मी बूट काढले. या वेळी कोणाचाच खोळंबा झाला नाही. मागचेही आपापल्या वहाणा काढीतच होते.