शेप्या आणि सोमेइ योशिनो

जपानी ऑफिसांत एक रीत आहे. चेरी फुलली की मंडळी संध्याकाळी झाडाखाली बसून खातात-पितात, आणि त्यासाठी सकाळपासून जागा धरून बसायचं काम टीममधल्या सर्वांत नव्या माणसाकडे असतं. २०२३च्या मार्चमध्ये तो मान माझा होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या घराण्यातला मी. निळी ताडपत्री, दोन ओनिगिरी आणि पॉवर बँक घेऊन साडेसातला टोकियोच्या उएनो पार्कात हजर झालो. माझ्याआधीच तिथे निळ्या ताडपत्र्यांचा समुद्र पसरला होता आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात माझ्यासारखाच एकेक ज्युनिअर फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

संध्याकाळपर्यंत करायला काही नव्हतं. तासाभराने एक गोष्ट खटकायला लागली. सगळी झाडं एकाच अवस्थेत होती. कुठेही पान नाही, सगळीकडे तोच जवळजवळ पांढरा गुलाबी रंग, आणि उमललेल्या-मिटलेल्या कळ्यांचं प्रमाणही तेच. आमच्याकडे कोकणात शेजारशेजारचे दोन रायवळ आंबे एका वेळी मोहोरतील तर शपथ. एक नोव्हेंबरातच उतावळा होतो, दुसरा फेब्रुवारीपर्यंत हूं की चूं करत नाही. इथे मात्र कुणीतरी एकच स्क्रिप्ट सगळ्या मशीनवर चालवल्यासारखं दिसत होतं.

फोनवर शोधलं तेव्हा कळलं की ते शब्दशः तसंच आहे. टोकियोत, किंबहुना जपानभर, रस्त्याकडेला, नदीकाठी आणि शाळांच्या आवारात जी चेरी प्रामुख्याने दिसते तिचं नाव सोमेइ योशिनो. एदो काळाच्या अखेरीस टोकियोजवळच्या सोमेइ गावातले माळी ती विकत असत. एदोहिगान आणि ओशिमा या दोन चेरींचा हा संकर. या झाडाचा पराग याच जातीच्या दुसऱ्या झाडाला चालत नाही, अगदी सगोत्र विवाहासारखा निषिद्ध. दुसऱ्या जातीशी संकर होतो, पण मग जे रोप येतं ते सोमेइ योशिनो नसतं. म्हणजे बी रुजवून हे झाड मिळतच नाही, कलमच करावं लागतं. गेल्या दीडेकशे वर्षांत लावलेली ही सगळी लाखो झाडं डीएनएच्या दृष्टीने एकच आहेत. म्हणून तर जपानचं हवामान खातं देशभरात ‘चेरी आज फुलली’ असं जाहीर करू शकतं. टोकियोसाठीचं त्यांचं नमुन्याचं झाड यासुकुनी देवळात आहे. त्याच्यावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की घोषणा होते. त्या वर्षी ती १४ मार्चलाच झाली होती.

मला हे फार आवडलं. झाड मरतं पण जात नाही. एक इन्स्टन्स बंद पडला, दुसरा चालू. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची तीन, एवढ्यात मनाला जी शिस्त लागते तिला यापेक्षा सुंदर झाड सापडणं अवघड होतं.

दुपारी दीडच्या सुमारास बाबांचा फोन आला. घराचं काम सुरू करायचं होतं. राजापूर तालुक्यातलं आमचं जुनं कौलारू घर पाडून त्या जागी स्लॅबचं बांधायचं, असं आम्ही वर्षभर घोळवत होतो. पैसे बरेचसे माझे होते. कंत्राटदाराचं म्हणणं, पुढच्या अंगणातला आंबा काढावा लागेल. मुळं पायात येतील, आणि तो वाचवायचा तर घर मागे सरकवावं लागेल, म्हणजे विहिरीकडची बाजू भरून घ्यावी लागेल, म्हणजे दोन-अडीच लाख जास्त. बाबा म्हणाले, “तू सांग, पैसे तुझे आहेत.”

हा आंबा म्हणजे शेप्या. कोकणातल्या रायवळ आंब्यांना घरोघर नावं असतात: कुणी साखऱ्या, कुणी खोबऱ्या. आमच्या आंब्याच्या फळाला शेपूसारखा वास यायचा म्हणून तो शेप्या. फळ लहान, रेषाळ, चोखून खायचं. बाजारात त्याला कुणी कुत्रं विचारणार नाही, पण त्याच्या कैरीचं आजीचं लोणचं मुंबईपर्यंत जात असे. लावला कुणी ते माहीत नाही. बहुधा कुणी लावला नसावाच. कुणीतरी खाऊन टाकलेली कोय रुजली असावी.

झाडाखाली ताडपत्रीवर बसून, सकाळपासून वाचलेलं सगळं ताजं असताना, मी बाबांना म्हणालो, “कलमं करून घ्या ना पावसाळ्यात. झाड तेच राहील. जागा बदलेल फक्त.” मी त्यांना सोमेइ योशिनोची गोष्टही सांगितली. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, “बरं. तू शिकलेला आहेस.” यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जून-जुलैत कोय कलमं झाली. कोय रुजवून तांबूस पानांचं दहा-पंधरा दिवसांचं रोप घ्यायचं, त्याचा शेंडा छाटून मधोमध चीर द्यायची, शेप्याची काडी पाचरीसारखी तासून तीत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचं. दहा बांधली, तीन जगली. दिवाळीनंतर शेप्या कापला. मी टोकियोत होतो. बाबांनी फोटो पाठवला नाही आणि मीही मागितला नाही.

मी त्या दिवशी फोनवर जो युक्तिवाद केला तो चूक होता असं मला आज वाटतं. पण तो नेमका कुठे चुकला हे सापडायला बराच वेळ लागला, कारण वरवर पाहता तो बरोबरच आहे.

असा युक्तिवाद पूर्वीही झालेला आहे, आणि तोही आंब्यावरूनच. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो की पुनर्जन्म घेणारा जर तोच नसेल, तर आधीच्याच्या कर्मातून तो सुटला म्हणायचा का? नागसेन आंबेचोराचा दाखला देतो. पकडलेला चोर म्हणतो, या माणसाने जमिनीत लावले ते आंबे वेगळे आणि मी झाडावरून काढले ते वेगळे, मग गुन्हा कसला? राजाला हे पटत नाही. नंतरचे आंबे आधीच्या आंब्यातूनच आलेले आहेत, म्हणून चोर दोषी. प्रत्येक अणू तोच असण्याची गरज नाही, एकातून दुसरं आलेलं असणं पुरेसं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूश झालो होतो. नागसेन माझ्या बाजूने आहे, कलम म्हणजे शेप्याच. मग लक्षात आलं की नागसेन हे सातत्य चोराला पकडण्यासाठी वापरतो. चोर म्हणतो आंबा वेगळा, म्हणून मी निर्दोष. मी म्हणत होतो आंबा तोच, म्हणून मी निर्दोष. आम्ही दोघं उलट टोकांकडून निघून एकाच जागी पोचत होतो, आणि ज्याला सुटायचंच आहे त्याला कुठलंही तत्त्वज्ञान चालतं असा संशय यायला तेवढं पुरे आहे.

२०२४च्या मे महिन्यात अमेरिकेतली एक बातमी वाचली. १९१२ साली टोकियो शहराने वॉशिंग्टनला ३०२० चेरीची झाडं भेट दिली होती. (त्याआधी १९१०मध्ये पाठवलेली दोन हजार झाडं किडलेली निघाली म्हणून अमेरिकेने ती जाळली. राजनैतिक संबंधांत भेट जाळूनही मैत्री टिकल्याचं उदाहरण म्हणून हे शिकवायला हवं.) तिथल्या टायडल बेसिनच्या काठी एक पोकळ खोडाचं झाड होतं. भरतीचं पाणी सतत मुळांशी यायचं. एका बाजूला थोडी साल आणि दोन-तीन फांद्या, एवढंच काय ते जिवंत. तरी दर वर्षी फुलायचं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘स्टम्पी’, म्हणजे आपला थोट्या. काठची भिंत नव्याने बांधायची म्हणून दीडशेहून अधिक झाडं काढायचं ठरलं, त्यात थोट्याही होता. शेवटच्या बहराला लोकांनी गर्दी केली. मग त्याच्या काड्या नॅशनल आर्बोरेटममध्ये नेऊन त्यांची रोपं केली आणि झाड कापलं.

ते झाड योशिनोच होतं. म्हणजे त्याचं कलम हे शेजारच्या धडधाकट योशिनोपेक्षा काही फारसं निराळं असणार नाही. सरळ वाढेल, खोड भरेल, लोक समोरून निघून जातील. माणसांचा जीव जडला होता तो पोकळ खोडावर, वर्षानुवर्षं पाण्यात उभं राहण्यावर. ते डीएनएत नसतं, म्हणून काडीतून येत नाही. आमच्या भाषेत बोलायचं तर सोर्स कोड क्लोन होतो, इतक्या वर्षांचा लॉग होत नाही.

याच्या उलट टोक जपानातच आहे. गिफू प्रांतात नेओ इथे उसुझुमीझाकुरा नावाची एदोहिगान चेरी आहे, वय दीड हजार वर्षं सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मरणार अशी खात्री झाली होती. १९४९मध्ये एका दंतवैद्याने पुढाकार घेऊन तरुण रानचेरींची २३८ मुळं तिच्या बुंध्याला जोडली. दंतवैद्यानेच करावं असं काम, म्हणजे कवळीच. झाड जगलं, आजही फुलतं. जमिनीखाली ते कितीतरी परक्या झाडांच्या जिवावर उभं आहे, तरी ते दुसरं झाड आहे असं कुणी म्हणत नाही, आणि माझ्या मते बरोबरच आहे. पूर्ण तोच डीएनए असलेलं कलम परकं वाटतं आणि परक्या मुळांवरचं झाड आपलं वाटतं, तर ‘तेच’ कशाने ठरतं याचं मी फोनवर दिलेलं उत्तर टिकत नाही.

पण मग कलमाला नावं ठेवायची का? हापूस खाणाऱ्या माणसाने तरी ठेवू नयेत. हापूसची कोय पुरली तर हापूस येईल याची खात्री नाही. कोकणातल्या बागाच्या बागा कलमांच्या आहेत आणि त्यावर आमच्या तालुक्यातली अर्धी घरं चालतात. चेरीच्याच इतिहासात कलमाने केलेलं सर्वांत देखणं काम ‘ताइहाकू’ या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या जातीचं आहे. जपानातून ती नाहीशी झाली होती. कॉलिंगवूड इन्ग्राम या इंग्रज चेरीवेड्याला ससेक्समधल्या एका बागेत तिचं मरायला टेकलेलं झाड सापडलं. १९२६मध्ये तो जपानला गेला असताना एका जाणकाराने त्याला पणजोबांनी काढलेलं, आता कुठेच न दिसणाऱ्या चेरीचं चित्र दाखवलं. इन्ग्रामने ती ओळखली. मग काड्या पाठवण्याचे प्रयत्न झाले, त्या वाटेत वाळल्या. शेवटी ओलावा टिकावा म्हणून बटाट्यात खोचून सैबेरियाच्या रेल्वेने पाठवल्या तेव्हा जगल्या. १९३२ साली ताइहाकू घरी परतली.

तिथेही काडी, इथेही काडी. सुरी तीच, बांधणं तेच. फरक एवढाच की इन्ग्रामच्या बाबतीत कलम हानीनंतर आलं, माझ्या बाबतीत हानीच्या आधी. आधी आलेलं कलम परवाना होऊन बसतं. मी बाबांना “घर मागे सरकवायला अडीच लाख घालायची माझी इच्छा नाही, झाड जाईल, वाईट वाटतंय” असं सांगितलं असतं तर तो एक प्रामाणिक, कदाचित योग्यसुद्धा, निर्णय झाला असता. घरात माणसं राहतात, आजीचे गुडघे दुखतात, जुन्या घराची न्हाणी पाच पायऱ्या खाली होती. झाडापेक्षा हे मोठं असू शकतं. पण मी सांगितलं ते असं की, काही जाणारच नाही. किंमत द्यायची तयारी नव्हती म्हणून किंमतच नाही असं सिद्ध केलं, आणि वर एका परदेशी झाडाची साक्ष काढली.

आमच्या धंद्यात एक म्हण आहे: सर्व्हरला पाळीव कुत्र्यामांजरासारखं वागवू नका, गुरांसारखं वागवा. म्हणजे नावं ठेवू नका, नंबर द्या, आजारी पडला की मारा आणि नवा उभा करा. सर्व्हरपुरती ती अगदी शहाणपणाची आहे, मी स्वतः नव्या पोरांना सांगतो. पण ज्याने ही म्हण काढली त्याच्या घरी गोठा नसावा. आमच्या गोठ्यात कपिली होती, तांबू होती, एक मारकी होती तिलासुद्धा नाव होतं.

एकसारखेपणाचं आणखी एक अंग त्या दिवशी उएनोत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. रानातली यामाझाकुरा प्रत्येक झाडागणिक वेगळी. कुणाची पालवी तांबडी, कुणाची हिरवी, फुलण्याची तारीख मागेपुढे. मेइजी काळापासून सोमेइ योशिनो सगळीकडे लागली आणि सगळ्यांनी एकदम फुलायचं, एकदम गळायचं हे दृश्य तयार झालं. पुढे सैन्याला ते फार सोयीचं पडलं. आत्मघातकी वैमानिकांच्या एका रॉकेट विमानाचं नावच ‘ओका’, म्हणजे चेरीचं फूल, होतं आणि त्याच्यावर फूल रंगवलेलं असे. यात झाडाचा काय दोष? तरी एकाला पर्याय दुसरा आहेच असं एकदा मनात बसलं की माणसांच्या बाबतीतही हिशोब सोपा होतो. हे मी टाळेबंदीच्या वर्षात, अर्धी टीम कमी केल्याच्या ईमेलमध्येही वाचलेलं आहे.

घर झालं. चांगलं झालं. न्हाणी आत आहे. तीन कलमांपैकी एक वाळवीने नेलं, एक बाबांनी आत्याला दिलं, एक विहिरीकडच्या बाजूला आहे, माझ्या कमरेएवढं. आजी घर बघून खूश आहे, तिने मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त त्या झाडाला ती शेप्या म्हणत नाही, ‘ते कलम’ म्हणते. “त्या कलमाला पाणी घातलंस का रे?”

कलमाला मोहोर लवकर येतो, कारण काडी जुन्या झाडाची, वयात आलेली असते. या जानेवारीत त्याला पहिला तुरा आला. पहिली काही वर्षं मोहोर ठेवायचा नसतो, झाड खचतं, म्हणून बाबा खुडायला गेले तेव्हा मी गावीच होतो. आजी काठी टेकत मागून आली. बाबांनी तुरा खुडून तिच्या हातात दिला. तिने बोटांत चुरला, वास घेतला, आणि माझ्यापुढे हात केला. मोहोराला फळाचा वास येत नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी वाकून वास घेतला.